गाडी उभी राहिली की तापते, पळायला लागली की निवते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरला की नाशिकच्या आमच्या गॅरेजमध्ये रोज एक तरी गाडी याच तक्रारीने येते. "हायवेला काही त्रास नाही हो, सिग्नलला उभी राहिली की काटा चढतो." काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा, इंजिनाचं तापमान दाखवणारा. फोनवर आणि गॅरेजच्या दारात लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय. ही उत्तरं पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहेत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची कूलिंगची व्यवस्था वेगळी असते, त्यांच्या बाबतीत इथलं वाचून काही उघडायला जाऊ नका.

पळताना नॉर्मल आणि उभी असताना गरम, असं का होतं?

इंजिनाची उष्णता घेऊन आलेलं पाणी समोरच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये थंड होतं आणि त्यासाठी हवा लागते. साठ-सत्तरच्या स्पीडला ती हवा समोरच्या जाळीतून आपोआप जोरात आत शिरते, तेव्हा पंख्याची गरजच पडत नाही. गाडी उभी राहिली की ही फुकटची हवा बंद होते आणि सगळा भार पंख्यावर येतो. म्हणून फक्त उभी असताना तापणाऱ्या गाडीत मी आधी हवा बघतो, मग पाणी. पंखा फिरतोय का, पुरेसा जोरात फिरतोय का, त्याची हवा रेडिएटरमधून आरपार जातेय का, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय मी बाकी कशालाही हात लावत नाही.

उलट लक्षण असेल, म्हणजे सिग्नलला ठीक पण घाट चढताना किंवा शंभरच्या स्पीडला काटा चढतो, तर संशय रेडिएटर आतून चोक होण्यावर, थर्मोस्टॅटवर (पाणी ठरावीक तापमानाला रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा आत ओढल्या जाऊन चपट्या होणाऱ्या खालच्या होज पाइपवर (रेडिएटर आणि इंजिन जोडणारी रबरी नळी) जातो. हा फरक नीट सांगितलात तर निम्मं निदान तिथेच होतं.

"उन्हाळा आहे, तापणारच" असंही लोक म्हणतात. ते खरं नाही. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू, रेस नाही) इंजिन फार थोडं इंधन जाळतं, त्यामुळे उष्णताही कमीच तयार होते. धडधाकट गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५ अंशांत एसी लावून तासभर उभी राहिली तरी काटा जागचा हलायला नको. हलत असेल तर कुठेतरी बिघाड आहे.

काटा किती चढला की काळजी करायची?

बहुतेक गाड्यांत पाण्याचं तापमान ८५ ते १०० अंशांच्या आसपास खेळत असतं. पंखा साधारण ९५ ते १०५ च्या दरम्यान सुरू होतो आणि आठ-दहा अंश उतरले की बंद होतो. नेमके आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे.

पण काट्यावर फार विसंबू नका. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तापमान ८० असो की १०५, काटा मुद्दाम मध्यावरच धरून ठेवलेला असतो. म्हणजे तो मध्य सोडून वर निघाला तर तेव्हाच उशीर व्हायला लागलेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल असा नुसता दिवा असतो. अशा गाडीवाल्यांनी ओबीडी पोर्टला (गाडी तपासायचा सॉकेट) लागणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर जरूर घ्यावा. मोबाइलवर पाण्याचं तापमान आकड्यात दिसतं आणि लाल दिवा लागायच्या बऱ्याच आधी कळतं.

मी आत्ता ट्रॅफिकमध्ये अडकलोय आणि काटा चढतोय. काय करू?

एसी लगेच बंद करा. काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल स्पीडला लावा. मे महिन्यात हे नको वाटतं, पण डॅशबोर्डमागे असलेला हीटरचा गाभा म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. इंजिनाची उष्णता तिथून बाहेर पडते आणि बरेचदा तेवढ्याने काटा थांबतो. रांग हलत नसेल तर इंजिन बंदच करा.

काटा लाल पट्ट्याला लागला, बॉनेटमधून वाफ आली किंवा लाल दिवा लागला, तर पुढच्या पंपापर्यंत नेऊ, असा विचारही करू नका. बाजूला घ्या, बंद करा, हॅझर्ड लावा. त्या दोन किलोमीटरमध्ये इंजिनाच्या वरचं अॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि पुढचं काम अनेक पटींनी महागतं.

यानंतरचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात महत्त्वाचा आहे. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि ते पाणी तोंडावर येतं. आमच्या एका जुन्या मदतनिसाच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तो डाग आजही आहे. हातात फडकं होतं, तरीही भाजलं. वरचा होज पाइप हाताने दाबून बघा. तो कडक लागत असेल तर दाब आहे, अजून थांबा. मऊ पडला आणि हाताला सोसवेल इतका निवला की फडकं ठेवून झाकण हळूहळू फिरवा.

तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका. पाणी भरायचं झालं तरी निवल्यावर, इंजिन सुरू करून, थोडं थोडं. अडीअडचणीला बाटलीतलं पिण्याचं पाणी चालेल, नंतर काढून कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचा खास द्रव) भरा.

पंखा चालतो की नाही, हे घरी कसं बघायचं?

यासाठी हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आवरून घ्या आणि पंख्याजवळ हात नेऊ नका. इलेक्ट्रिक पंखा कधीही फिरू शकतो, काही गाड्यांत तर चावी काढल्यावरसुद्धा.

थंड इंजिनावर आधी बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा, दोन खुणांच्या मध्ये हवी. मग गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांतच पंखा सुरू होतो, कारण एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) रेडिएटरच्या पुढेच असतो आणि त्यालाही हवा लागते. आता एसी बंद करा आणि गाडी आयडलला तशीच राहू द्या. दहा-वीस मिनिटांत तापमान चढेल, पंखा एकदम घोंगावत सुरू होईल, दोनेक मिनिटं फिरेल आणि थांबेल. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होईल. हे चक्र दोन-तीनदा नीट झालं तर पंख्याची व्यवस्था ठीक आहे. काटा चढत गेला आणि पंखा हललाच नाही, तर लगेच बंद करा. चोर सापडला.

एसीवर पंखा फिरतो पण पाणी तापल्यावर फिरत नाही, असं झालं आणि पंखा एकच असेल तर मोटर चांगली आहे. बिघाड टेम्परेचर सेन्सरकडे, त्याच्या वायरकडे किंवा पंखे दोन असतील तर फक्त रेडिएटरच्या पंख्याकडे आहे.

पंखा फिरत असताना आणखी एक तपासणी करा. वर्तमानपत्राचं अर्धं पान समोरच्या जाळीवर धरा आणि सोडा. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. तो गळून पडला तर हवा कमी आहे. पुढे ढकलला गेला तर पंखा उलटा फिरतोय. मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या की असं होतं आणि पंखा दिसायला झकास फिरत असल्याने त्याच्यावर कोणाचा संशयच जात नाही.

पंखा फिरतच नाही. मोटर बदलून टाकू?

थांबा. मोटर हा सगळ्यात महाग भाग, म्हणून तो शेवटी. आधी फ्यूज बघा, पंख्याचा फ्यूज साधारण ३० किंवा ४० अॅम्पिअरचा असतो आणि बॉनेटखालच्या डब्यात मिळतो. मग रिले, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. शेजारी त्याच नंबरचा, तेवढ्याच पिनांचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. मग पंख्याजवळचा कनेक्टर. सेन्सरचा संशय असेल तर त्याचा कनेक्टर काढा. बऱ्याच गाड्यांत सेन्सर तुटला असं समजून इंजिनाचा कंप्युटर सुरक्षिततेसाठी पंखा स्वतःच चालू करतो. (चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका.) तरी फिरला नाही, तर मोटरला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने थेट करंट द्यायचा. ही शेवटची तपासणी वायरिंगची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

दोन वर्षांपूर्वी एक शिक्षक दांपत्य मुंबईहून येताना कसारा घाटात, जाममध्ये तापलेली गाडी घेऊन टोचन करून आलं. त्याआधी दुसरीकडे त्यांनी थर्मोस्टॅट बदलला होता आणि नवा रेडिएटरही बसवला होता. तरी सिग्नलला काटा चढायचाच. पंखा आमच्यासमोर कधी फिरायचा, कधी नाही. मी मोटरचा कनेक्टर ओढला तर तो नीट निघेना, प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलं होतं. सुटल्यावर दिसलं, पांढऱ्या घराचा एक कोपरा चहासारखा तपकिरी झालेला आणि त्यातली पिन सैल, काळी पडलेली. बोटाने जरा हलवली की पंखा सुरू, सोडली की बंद. एक कनेक्टर आणि वीतभर वायर, एवढंच काम होतं. जुना रेडिएटर त्यांनी घरी ठेवला होता, तो मागवून पाणी भरून बघितला. त्यात काही दोष नव्हता. त्या बाईंचा चेहरा आठवला की मला आजही वाईट वाटतं. पंख्याकडे पाच मिनिटं कोणी बघितलं असतं तर त्यांचे तेवढे पैसे वाचले असते.

पावसाळ्यानंतर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही खूप सापडतात, विशेषतः अंगणात किंवा शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत. आणि मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे, घासत राहणारे तुकडे) झिजले असतील तर पंखा जागीच अडतो, काठीने हलकं ढकललं की फिरू लागतो. तेव्हा मात्र मोटर बदलायची, कारण पुढच्या जाममध्ये काठी घेऊन उतरायला कोणी नसतं.

पंखा मस्त फिरतो, तरी तापते. आता?

आता त्याची हवा कुठे जाते ते बघा. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण कचरा साचतो तो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवणाऱ्यांच्या फटीतून मी मूठ-मूठ पाचोळा काढलाय. कधी कधी तर किडे, धूळ आणि चिखलाचा नमद्यासारखा थरच निघतो. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारायचं आणि प्रेशर कमी ठेवायचं. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला की पातळ पात्या झोपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे ना, हेही बघा. अपघातानंतरच्या कामात ते अनेकदा बसवायचं राहून जातं. आवरण नसेल तर पंखा आजूबाजूचीच हवा घुसळत राहतो. दोन स्पीडच्या पंख्यात एक स्पीड गेलेला असतो, तेही पंखा फिरताना पाहून लक्षात येत नाही.

हवा ठीक निघाली, की मग पाणी. पातळी कमी, सिस्टिममध्ये एअर लॉक (आत अडकलेली हवा), वॉटर पंपाचा बेल्ट सैल किंवा पंपाच्या आतल्या पात्या गंजून झिजलेल्या. आयडलला पंप आधीच हळू फिरतो, त्यामुळे थकलेला पंप तिथेच उघडा पडतो. एक सोपी खूण सांगतो. हीटर लावा. आयडलला गार हवा येते आणि रेस केल्यावर गरम येऊ लागते, तर पाणी नीट फिरत नाही. कारण एअर लॉक, कमी पाणी किंवा पंप, या तिघांपैकी एक.

फक्त एसी लावल्यावरच तापते.

उत्तर वरच्यासारखंच. एसीने इंजिनावर भार पडतो आणि कंडेन्सरची गरम हवा रेडिएटरवर येते, त्यामुळे अर्धवट दुबळा झालेला पंखा आधी इथे पकडला जातो. सिग्नलला एसी गार करत नाही आणि गाडी निघाली की गार करतो, असं होत असेल तर गॅस भरायला जाण्याआधी पंखा तपासा.

मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, कायमचा त्रास जाईल. काढू का?

नका. माझ्याच धंद्यातल्या अनेकांची ही सवय आहे आणि मला ती पटत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवून ते लवकर गरम करतो. तो काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, कंप्युटर इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, अॅव्हरेज पडतं, जास्तीचं पेट्रोल मिसळून ऑइल पातळ होतं, झीज वाढते. आणि पंखाच बंद असेल तर थर्मोस्टॅट काढूनही उभी गाडी तापणारच, फक्त जरा उशिरा. तो अडकला असेल तर नवा घाला.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? बोअरचं पाणी चालत नाही का?

कूलंट गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण आपल्याला ते गंज रोखण्यासाठी आणि उकळण्याचा बिंदू वाढवण्यासाठी हवं आहे. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. वर झाकणाचा दाब असतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. एक बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. पण झाकणाचं रबर कडक होऊन दाब धरेनासा झाला की हा फायदा जातो. साधारण १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणजे पंखा सुरू व्हायच्या वेळेलाच. घाट चढून वर पोचल्यावर पार्किंगच्या रांगेत पाणी फेकणाऱ्या गाड्यांत मी झाकण आधी बदलून बघतो. स्वस्त वस्तू आहे.

बोअरच्या पाण्याचं काय होतं ते घरच्या पाणी तापवायच्या कॉइलकडे बघून कळेल. तसाच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आतून चोक झालेला रेडिएटर हाताला कुठे गरम आणि मध्येच गार लागतो.

कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, त्यावरून जात कळत नाही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार आणि जे प्रमाण दिलं असेल तेच घाला, कारण वेगवेगळ्या जातींची मिसळ कधी कधी आत घट्ट होऊन बसते. आणि काढलेलं कूलंट रस्त्यावर सोडू नका. ते गोडसर असतं, विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

पाणी कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही.

सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होज पाइप दाबून बघा. मिनिटभरातच, पाणी गरमही झालेलं नसताना, तो दगडासारखा कडक झाला तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय, म्हणजे हेड गॅसकेट (हेड आणि इंजिन यांच्यामधली पट्टी) गेलं. बाटलीत सतत बुडबुडे, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, दुधाळ ऑइल या बाकीच्या खुणा. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस दिसला म्हणून घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणाने येतो. हेड खोलायला हो म्हणण्याआधी निळ्या द्रवाची टेस्ट करून घ्या. ज्वलनाचा गॅस असेल तर त्या द्रवाचा रंग बदलतो, पेट्रोल गाडीत तो पिवळा पडतो.

सीएनजी किट बसवल्यापासून तापायला लागली.

किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला इंजिनाचं पाणी त्यातून फिरवतात. त्यासाठी होज कापून टी (तीन तोंडांचे जोड) बसवलेले असतात. त्या क्लिपांमधून पाणी झिरपतं किंवा किट बसवल्यावर हवा नीट काढलेली नसते. गाडी उभी करून प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवा. पंपावरच्या लांब रांगेत काटा चढतो आणि सोबत आयडल खालीवर होतं, तर आधी पाणी बघा.

माझ्या जुन्या डिझेल जीपला पंखा इंजिनावरच आहे. तिथे काय बघायचं?

बेल्ट आणि पंख्याचा क्लच, म्हणजे पंखा इंजिनाशी जोडणारा भाग. इंजिन बंद करून, गरम असताना, पंखा हाताने फिरवा. चांगला क्लच चिकट अडथळा देतो. सहज गरगर फिरत राहिला किंवा मधून तेलाचा ओघळ दिसला तर क्लच गेला. या गाड्यांत जाममध्ये न्यूट्रल करून थोडा रेस दिला तर काटा उतरतो, कारण पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. इलेक्ट्रिक पंखा बंद पडलेल्या गाडीत या युक्तीचा फारसा उपयोग नाही.

गाडी बंद केली तरी पंखा फिरत राहतो. हा बिघाड आहे का?

मिनिट-दोन मिनिटं फिरला तर नाही. थांबतच नसेल तर रिले चिकटलाय, बॅटरी उतरेल.

गॅरेजवाल्याला नेमकं काय सांगू?

"गरम होते" एवढंच सांगू नका. उभी असताना की पळताना, किती मिनिटांनी, एसी असताना की नसताना, पंखा फिरताना स्वतः पाहिला का, गेल्या महिन्यात पाणी किती घातलं, अलीकडे कोणतं काम झालं, हे कागदावर लिहून द्या. भाग बदलण्याआधी आयडलला गाडी तापवून पंखा तुमच्यासमोर सुरू करून दाखवायला सांगा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ काढून जा. बदललेला जुना भाग मागून घ्या. आणि काम झाल्यावर चाचणी म्हणून मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नका, गाडी तिथेच एसी लावून अर्धा तास उभी ठेवा आणि काट्याकडे बघत बसा.